दाढांचं सीलंट: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलांच्या दातांच्या ओपीडीत रोज कानावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमही साधारण तोच आहे: आधी "हे काय असतं?", मग "दुखेल का?", आणि दाराशी पोचल्यावर "खर्च किती?"

सीलंट म्हणजे नेमकं काय?

दाढेच्या ज्या भागाने आपण चावतो तो सपाट नसतो. त्यावर खोल रेघा आणि बारीक खड्डे असतात. त्यांत शिरून घट्ट बसणारा पातळ थर म्हणजे सीलंट. लावताना ते द्रव असतं आणि निळ्या प्रकाशाखाली काही सेकंदांत कडक होतं. दात कोरावा लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. चिठ्ठीवर किंवा बिलावर "पिट अँड फिशर सीलंट" असं लिहिलं असेल तर ते हेच.

आपण ज्याला "सिमेंट भरणं" म्हणतो ते वेगळं. ते कीड लागल्यावर, किडलेला भाग काढून करतात. सीलंट कीड लागण्याआधी लावायचं असतं. मूल दाढ धरून रडायला लागलं आणि मग कोणी सीलंट मागायला आलं, तर वेळ बहुतेक निघून गेलेली असते.

रोज दोनदा ब्रश करतो, तरी दाढाच का किडतात?

टाकी लावलेल्या पाट्यावर चटणी वाटून वरून ओलं फडकं फिरवलं, तर पाटा स्वच्छ दिसतो, पण टाकीच्या खाचांतली चटणी तिथेच राहते. दाढेवरून ब्रश फिरतो तेव्हा हेच होतं. ब्रशचा एक केस साधारण 0.2 मिलिमीटर जाड असतो. दाढेच्या कित्येक खाचा तोंडाशीच त्याहून अरुंद असतात आणि आत जाऊन पुन्हा रुंदावतात. केस आत जातच नाही, मग हात कितीही जोरात चालवा.

त्या खाचेत पिठाचा आणि साखरेचा अंश अडकतो, तोंडातले जंतू त्यावर जगतात आणि आम्ल तयार करतात. खाचेच्या तळाशी दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, आधीच पातळ असतं. ते विरघळलं की कीड आतल्या मऊ भागात पसरते. म्हणून दाढेवर बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो आणि उघडून बघितलं तर आत मोठी पोकळी निघते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या आकडेवारीनुसार कायमच्या दातांतल्या दर 10 किडींपैकी 9 मागच्या दातांत असतात.

आणि हो, ही कीड म्हणजे अळी नव्हे. आठवडी बाजारात धुरी देऊन दातातून अळ्या काढून दाखवणारे अजूनही भेटतात. त्या अळ्या त्यांनी सोबत आणलेल्या असतात.

मुलाची एकही दाढ पडलेली नाही. मग कायमची दाढ आली कशी?

आमच्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पुढचे दात पडतात, मूल बोळकं होतं, फोटो काढले जातात, त्यामुळे कायमचे दात आल्याचं घरात सगळ्यांना कळतं. दाढेचं तसं नसतं. पहिली कायमची दाढ कोणत्याही दुधाच्या दाढेच्या जागी येत नाही. ती सगळ्यात शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, साधारण सहाव्या वर्षी येते. काही पडत नाही, रक्त येत नाही, फार तर दोन-चार दिवस मूल "मागे दुखतंय" म्हणतं. ती आली हे घरात कोणाला माहीतच नसतं.

मग आठव्या-नवव्या वर्षी ती किडलेली सापडते आणि आई म्हणते, "दुधाचीच आहे ना, पडेल." ती पडणार नाही. साठाव्या वर्षी पापड चावायलाही तीच लागणार आहे. तिच्यानंतर त्या जागी दुसरी दाढ येत नाही.

ओळखायची कशी? मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात बसवून "आ" करायला सांगा आणि खालच्या जबड्यात एका बाजूच्या दाढा मोजा. सुळ्याच्या मागे दोन दाढा दिसल्या तर त्या दुधाच्या. मागे तिसरी दिसत असेल, किंवा हिरडीतून पांढरं टोक डोकावत असेल, तर ती कायमची. खालच्या दाढा बहुधा आधी येतात, वरच्या त्यांच्या मागोमाग. मुलींमध्ये हे सगळं थोडं लवकर होतं. पाच वर्षांच्या मुलीला दाढ आली म्हणून घाबरायला नको, आणि सात झाली तरी नाही आली म्हणूनही नको.

मग सीलंट कोणत्या वयात लावायचं?

दोन वेळा लक्षात ठेवा. पहिल्या कायमच्या दाढा सहा-सातव्या वर्षी, दुसऱ्या अकरा ते तेराव्या वर्षी. दोन्ही वेळा दाढ पूर्ण वर येऊन तिच्यावरची हिरडीची झालर मागे सरली की लगेच.

घाई यासाठी, की नव्याने आलेल्या दाताचं कवच अजून पक्कं झालेलं नसतं. लाळेतले क्षार आणि पेस्टमधलं फ्लोराइड मिळत गेलं तसं ते कणखर होतं. तोवरची पहिली दोन-तीन वर्षं धोक्याची. त्यात भर म्हणजे दाढ वर येताना शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खालच्या पातळीवर असते. ब्रश पुढून मागे नेला की तो उंच दाढेवरून घसरतो आणि मागच्या नव्या दाढेला शिवतही नाही. हे काही महिने चालतं. या काळात ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून त्या एकाच दाढेवर वेगळा फिरवावा लागतो, आणि हे काम आईने किंवा बाबांनी करायचं. सहा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर नीट पोचत नाही. बुटांची नाडी स्वतः बांधता येईपर्यंत ब्रश मोठ्यांनी करून द्यावा, असं आम्ही सांगतो.

लावताना काय काय करतात? दुखतं का?

दुखत नाही. कंटाळवाणं मात्र असतं, कारण तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं.

आधी दाढ फिरत्या ब्रशने स्वच्छ करतात. मग गालाच्या आणि जिभेच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या ठेवून दाढ वेगळी करतात. काही ठिकाणी त्यासाठी रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा लावतात. त्यानंतर 35 ते 37 टक्के फॉस्फोरिक अॅसिडचं जेल खाचांवर 15 ते 30 सेकंद ठेवतात. ते बहुतेक निळं असतं. अॅसिड म्हटलं की पालक दचकतात. ते दात खात नाही, कवचाला फक्त सूक्ष्म खरखरीतपणा आणतं, म्हणजे सीलंटला धरायला जागा मिळते. जेल जिभेला लागलं तर आंबट-कडवट लागतं. मुलांची तक्रार बहुतेक एवढीच असते.

पाण्याने धुऊन हवेने कोरडी केली की दाढ बघण्यासारखी दिसते. आधी चकचकीत असलेला भाग खडू फासल्यासारखा पांढरा, निस्तेज होतो. तो तसा दिसला नाही तर अॅसिडने काम केलेलं नाही, पुन्हा लावायचं. दिसला, तर आता पुढचं एक मिनिट फार महत्त्वाचं. या वेळी लाळेचा एक थेंब जरी दाढेवर आला तरी ते सूक्ष्म खड्डे लाळेने बुजतात आणि सीलंट वरवर बसतं. सीलंट दोन महिन्यांत निघून आलं, तर कारण बहुधा कंपनी नसते, लाळ असते. म्हणून क्लिनिकमध्ये विचारायचाच असेल तर "सीलंट कोणत्या कंपनीचं?" याऐवजी "दाढ कोरडी कशी ठेवता? मदतनीस असतो का?" हे विचारा. एकट्या डॉक्टरला एका हाताने वळवळणारी जीभ दाबून दुसऱ्या हाताने हे करणं अवघड जातं.

मग सीलंट खाचांतून पसरवतात, बारीक टोकाने बुडबुडे काढतात आणि निळा प्रकाश साधारण 20 सेकंद देतात. त्या प्रकाशाकडे थेट बघू नये, म्हणून मुलाला नारिंगी चष्मा देतात. बहुतेक मुलांना प्रकरणातला हाच भाग आवडतो. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन सीलंट कुठे उंच लागतंय का ते बघतात. चार दाढांना अर्धा-पाऊण तास पुरतो.

लावल्यावर किती वेळ खायचं नाही?

सीलंट दोन प्रकारचं असतं. रेझिनचं, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचं असेल तर लगेच खाल्लं तरी चालतं. ग्लास आयोनोमर या दुसऱ्या प्रकारचं असेल तर तासभर थांबा. एक-दोन दिवस चावताना काहीतरी अडकल्यासारखं वाटू शकतं. आठवडाभरानेही वाटत असेल तर दाखवा.

रेझिन आणि ग्लास आयोनोमर, यांत चांगलं कोणतं?

दाढ पूर्ण वर आली असेल आणि कोरडी ठेवता येत असेल तर रेझिन, कारण ते जास्त टिकतं. दाढ अर्धवट आलेली, हिरडी अजून वर, मूल अस्वस्थ, लाळ थांबत नाही, अशा वेळी ग्लास आयोनोमर. त्याला थोडा ओलावा चालतो आणि त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. ते लवकर झिजतं, त्यामुळे दाढ पूर्ण आल्यावर पुन्हा रेझिन लावायचं ठरवून ते तात्पुरतं लावलं जातं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं तर पैसे काढायला बोलावताहेत असं समजू नका.

रंगाचं म्हणाल, तर सीलंट पारदर्शकही मिळतं आणि पांढरंही. मला पांढरं बरं वाटतं. पुढच्या तपासणीत ते जागेवर आहे की नाही हे एका नजरेत कळतं.

टिकतं किती आणि उपयोग किती?

सीडीसीच्या म्हणण्यानुसार सीलंटमुळे पहिली दोन वर्षं सुमारे 80 टक्के किडी टळतात आणि चार वर्षांपर्यंत सुमारे 50 टक्के. त्याच संस्थेने 2016 मध्ये सांगितलं होतं, की 6 ते 11 वयोगटातल्या सीलंट नसलेल्या मुलांच्या पहिल्या दाढा सीलंट असलेल्यांच्या जवळपास तिप्पट किडतात. आकडे अमेरिकेतले आहेत, पण दाढेची खाच तिकडची आणि इकडची सारखीच असते.

नीट लावलेलं सीलंट पाच-सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त राहतं. पण ते लावून विसरायची गोष्ट नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. कडेने तुकडा निघाला असेल तर तेवढीच जागा पुन्हा भरतात. सगळं काढायची गरज नसते.

हे नवीन काही प्रयोगाचं तर नाही ना?

नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्याने 1955 मध्ये दाखवून दिलं, की दाताच्या कवचावर आधी फॉस्फोरिक अॅसिड लावलं तर त्यावर रेझिन घट्ट चिकटतं. कारखान्यांत धातूवर रंग बसावा म्हणून हेच अॅसिड वापरतात, यावरून त्याला ही युक्ती सुचली. 1960 च्या दशकात त्यावरून सीलंटचे प्रयोग झाले आणि 1970 च्या सुमारास ते दवाखान्यांत आलं. आज पन्नाशीत असलेल्या कित्येक अमेरिकी लोकांच्या दाढांना ते लहानपणी लागलेलं आहे. आपल्याकडे ते नवीन वाटतं, कारण आपण दाताच्या डॉक्टरकडे दुखल्याशिवाय जात नाही.

सीलंटखाली कीड बंद झाली आणि आत वाढत गेली तर?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. खाचेत कीड नुकतीच सुरू झाली असेल, खड्डा पडलेला नसेल, तर तिच्यावर सीलंट लावलेलं चालतं. किंबहुना लावावं. वरून झाकण घट्ट बसलं की जंतूंना साखर मिळत नाही, त्यांची संख्या घटते आणि कीड जागीच थांबते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितलं आहे.

खड्डा पडला असेल तर मात्र सीलंट नाही, फिलिंग. हा फरक डोळ्यांनी ठरवणं दर वेळी शक्य नसतं, म्हणून डॉक्टर कधी कधी एक्स-रे काढायला सांगतात. दुसरा धोका कडेने सुटलेल्या सीलंटचा. तिथे अन्न अडकू शकतं, आणि सहा महिन्यांची तपासणी त्याचसाठी असते. पूर्ण निघून गेलेलं सीलंट मात्र नुकसान करत नाही. ती दाढ कधीच सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त धोक्यात नसते.

मुलगी खुर्चीवर बसायलाच तयार नाही. काय करू?

पहिल्या भेटीत काहीच करू नका. खुर्ची वर-खाली करून बघू दे, आरशाने आईचे दात मोजू दे. घरी "रडलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं म्हणणाऱ्या आजीला आधी आवरा. सीलंटमध्ये सुई नसतेच, पण त्या एका वाक्याने आमचे तीन महिने जातात.

दाढ दुखत नसताना झालेली पहिली भेट सगळ्यात चांगली. या दृष्टीने सीलंट हे मुलाला दातांच्या दवाखान्याची सवय लावायला उत्तम निमित्त आहे.

फ्लोराइड वार्निश लावलंय. मग सीलंट कशाला?

दोघांची कामं वेगळी. वार्निश, म्हणजे 5 टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप, सगळ्या दातांच्या सगळ्या बाजूंचं कवच कणखर करतो आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. दाढेच्या खाचेत मात्र सीलंट वरचढ ठरतं. उलट, दोन दाढा एकमेकींना चिकटतात त्या फटीत सीलंट जाऊच शकत नाही. तिथे फ्लोराइड आणि फ्लॉसचा दोराच. कीड लवकर लागणाऱ्या मुलाला दोन्ही हवीत.

पेस्ट कोणती वापरायची?

फ्लोराइड असलेली. भारतात टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं. तेवढी ओळ शोधा, बाकी पुदिना, लवंग, कोळसा, मीठ या सगळ्या चवी आहेत. कित्येक "हर्बल" पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट काढू नका. ब्रश झाल्यावर थुंकायला लावा, पण खळखळून चार-चार चुळा नकोत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं.

गावाकडे अजून राखुंडी किंवा मिशेरी मुलांच्या बोटावर ठेवणारी घरं आहेत. राखुंडी दात झिजवते. मिशेरी तर भाजलेली तंबाखूच, तिच्याजवळ मुलाला फिरकूही देऊ नका.

सीलंट लावलं म्हणजे गोड खायला मोकळीक?

नाही. आणि इथे चॉकलेटपेक्षा बिस्किटावर माझा जास्त राग आहे. चॉकलेट विरघळून निघून जातं. चहा-दुधात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा दाढेवर थापला जातो आणि तासभर तिथेच असतो. "गोड कुठे खातो, बिस्किटंच तर खातो" हे वाक्य मी रोज ऐकतो.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. संक्रांतीला जेवणासोबत दोन तिळगुळाच्या वड्या खाल्ल्या तर काही बिघडत नाही. तीच वडी खिशात ठेवून दुपारभर चघळली तर बिघडतं. रात्री ब्रशनंतर दूधही नको, साखरेचं तर नाहीच.

दुधाच्या दाढांना लावावं का?

कधी कधी. शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते, म्हणजे "पडणारच आहे" म्हणून सोडून द्यायला तो काळ लहान नाही. खाचा खोल असतील, किंवा एक दाढ आधीच किडली असेल, तर उरलेल्यांना लावलेलं बरं. पण दुधाच्या दाढांतली कीड बऱ्याचदा दोन दाढांच्या मधल्या फटीतून सुरू होते. तिथे सीलंटचा काही उपयोग नाही. म्हणून दुधाच्या दाढांसाठी आम्ही सरसकट आग्रह धरत नाही.

आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मग कीड लागणारच नाही ना?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 1 मिलिग्रॅमचं आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी दात घडत असताना पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. पहिल्या कायमच्या दाढेचा वरचा भाग जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतो, म्हणजे डाग त्या वयातल्या पाण्याचे असतात, आत्ताच्या नव्हे.

असे दात किडतच नाहीत हा समज चुकीचा आहे. डागाळलेल्या कवचावर खड्डे पडले तर त्यांत अन्न अडकतंच. सीलंट लावता येतं, मात्र हे कवच अॅसिडला दाद देत नाही, त्यामुळे जेल जास्त वेळ ठेवावं लागतं. कुठल्या गावातून आलात हे डॉक्टरांना आधी सांगा. सगळ्यात आधी पाणी बदला.

नवी दाढ आली तीच पिवळी, खडूसारखी. कीड आहे का?

बहुधा कीड नसते. काही मुलांच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात घडतानाच कच्चे राहतात. दाढेवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, थंड पाणी झोंबतं, ब्रश लावला की मूल ओरडतं आणि आईला वाटतं नाटक करतंय. नाटक नसतं. अशा दाढेचं कवच चावताना कपच्या कपच्यांनी उडतं. हिला वाट बघायला वेळ नसतो. पूर्ण वर यायच्या आतच ग्लास आयोनोमर लावून झाकावी लागते. रेझिन तिच्यावर नीट धरत नाही. पुढे काहींना कॅपही लागते. हे बालदंततज्ज्ञाचं काम आहे.

प्लास्टिकच ना ते? पोटात गेलं तर?

रेझिन सीलंट ज्यापासून करतात त्याच्या कच्च्या मालात बीपीए नावाचं रसायन असतं, त्यामुळे लावल्यानंतर काही तास लाळेत त्याचा अत्यल्प अंश सापडतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मोजून सांगितलंय, की मुलाला अन्नातून आणि रोजच्या वस्तूंतून त्याहून जास्त बीपीए मिळतं. लावून झाल्यावर वरचा ओशट थर कापसाने पुसून चूळ भरायला लावली की तेही कमी होतं. झिजलेले कण पोटात गेले तरी बाहेर पडतात. खात्रीच हवी असेल तर ग्लास आयोनोमर मागा, त्यात बीपीएचा संबंध नाही. रेझिनची अॅलर्जी क्वचित असते. आधी असं काही झालं असेल तर सांगा.

डॉक्टरांनी आठही दाढांना लावायला सांगितलं. खरंच गरज असते की धंदा?

गरज दाढ बघून ठरते. काहींच्या खाचा उथळ, उघड्या असतात, ब्रश सहज पोचतो. अशा मुलाच्या घरात कोणाचेही दात फारसे किडलेले नसतील तर थांबून बघायला हरकत नाही. दुसरीकडे, दुधाच्या चार दाढा किडून गेलेल्या मुलाच्या कायमच्या दाढांना सीलंट न लावणं हे मला बेफिकिरीचं वाटतं. डॉक्टरांना सरळ म्हणा, "आरशात दाखवा, कुठे खोल आहे." चांगला डॉक्टर दाखवतो, हल्ली तर कॅमेऱ्याने पडद्यावर मोठं करून दाखवतात. एका भेटीत चार पहिल्या दाढा, आणि पुढच्या चार त्या उगवल्यावर, हा हिशेब पटण्यासारखा आहे. सात वर्षांच्या मुलाच्या "आठ कायमच्या दाढा" कोणी सांगितल्या तर मोजायला लावा, कारण त्या वयात त्या चारच असतात.

मोठ्या माणसांना लावतात का?

लावतात. खाचा खोल आहेत, किडलेल्या नाहीत, आणि तोंड कोरडं पडायची औषधं चालू आहेत किंवा कीड वारंवार लागते, तर उपयोग होतो. दातांना तारा बसवणार असतील तर त्याआधी दाढा तपासून घ्याव्यात. अक्कलदाढेसाठी मात्र सहसा कोणी फंदात पडत नाही.

खर्च किती? सरकारी सोय आहे का?

खाजगी दवाखान्यात दर दाढेमागे लावतात, आणि शहरानुसार, डॉक्टरानुसार त्यात फार फरक पडतो. आधी विचारून घ्या, आणि सहा महिन्यांत निघालं तर पुन्हा लावायचे पैसे घेतात का हेही विचारा. रुग्णालयात दाखल न होता केलेल्या दंतोपचारांचा खर्च बहुतेक आरोग्य विमे देत नाहीत. तुलनेला एवढंच, की किडलेल्या एका दाढेचं रूट कॅनाल आणि वरची कॅप हजारोंत जाते आणि चार-पाच चकरा होतात.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात बालदंतविभाग आहे. तिथे खर्च बराच कमी. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, अख्खी सकाळ धरून चला. पण तिथला विद्यार्थी घाईत नसतो आणि शिक्षक तपासल्याशिवाय सोडत नाहीत. या कामाला तेच हवं असतं.

शाळेत डॉक्टर तपासून गेले, त्यात हे होत नाही का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा मुलं तपासतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. पण ते काम तपासणीचं आणि पुढे पाठवण्याचं. दप्तरात "दात दाखवा" अशी चिठ्ठी येते आणि बहुतेक घरांत ती दप्तरातच राहते.

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेले आजी-आजोबा सांगतात, की नातीला शाळेतच सीलंट लावलं. ते खरं आहे. तिथे बऱ्याच राज्यांत, विशेषतः कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या शाळांत, घडीची खुर्ची घेऊन डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दातांच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी येतात, पालकांच्या संमतीचा कागद घेतात आणि दुसरी-तिसरीतल्या मुलांना जागेवरच सीलंट लावतात. आपल्याकडे काही दंत महाविद्यालयं शिबिरांत हे करतात. शाळेच्या पालक सभेत विषय काढायचा असेल तर जवळच्या दंत महाविद्यालयाच्या "सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र" विभागाला मुख्याध्यापकांचं पत्र द्या. पत्रात पहिली-दुसरीचे वर्ग आधी तपासावेत असं आवर्जून लिहा. शिबिरवाले बहुधा आठवी-नववीपासून सुरुवात करतात, कारण ती मुलं रांगेत गुपचूप उभी राहतात.